ढोलीतला खोकला

चैनलाल गेला, पण त्याचा खोकला काही घर सोडेना. माजघरात धान साठवायची ढोली होती, बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, छातीइतकी उंच. तिच्यातून तो यायचा, दबका दबका. चुलीपाशी बसलेल्या रामकलीच्या हातातलं काम तिथंच थांबायचं. नवऱ्याला ढोलीत खोकायला तिनंच शिकवलं होतं, आता तक्रार कोणाकडे करणार?

झालं होतं असं. दिवाळीआधी चैनलालनं विम्याचा अर्ज भरला. एजंट म्हणजे दुसरातिसरा कोणी नव्हे, तिरोड्याचा सख्खा भाचा ओमेश्वर. अर्जात तब्येत ठणठणीत लिहिली, आणि तेव्हा ती होतीही. ओमेश्वरनं बजावलं, "मामाजी, पॉलिसी चालू होईपर्यंत तब्येतीत काही फरक पडला तं मले सांगजा. लपवू नोका." धानकापणीत खोकला सुरू झाला, आणि एका सकाळी थुंकीत रक्त दिसलं.

आता पोवार समाजात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा म्हणजे देव, आणि देवाशी खोटं बोलणं चैनलालच्या जिभेला जमणारं नव्हतं. रामकलीनं त्यावर तोड काढली. ओमेश्वरची गाडी दिसली की ती नवऱ्याला माजघरात पिटाळायची. तो ढोलीत डोकं घालून खोकायचा आणि ही अंगणात हसत सांगायची, "मामा वावरात गेले जी. तब्येत? बैलावानी आहे." खोटं बायको बोलली, म्हणजे मामाला पाप नाही! देवाला एवढंही कळत नसावं, असा बाईचा समज. दवाखान्यातही तिनं जाऊ दिलं नाही, तिथं नोंद होते म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पॉलिसी चालू झाली. "लगेच दवाखान्यात गेलो तं कंपनीवाल्याइले समजन," ती म्हणाली. "थोडं थांबा." चैनलाल थांबला. जन्मभर त्यानं तिचं ऐकलं होतं. मग एक दिवस रक्ताची उलटी झाली आणि गोंदियाला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं.

आज तेरवी होती. भाच्याचे पाय धुवायची रीत. रामकली परात घेऊन बसली, तेव्हा ओमेश्वर हलक्या आवाजात म्हणाला, "मामी, कंपनीवाले मलेच विचारतीन. मामाजीले आधी काही होतं का?"

तिनं तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. एका 'नाही'वर तिच्या एकुलत्या एक लेकीचं, रविताचं, नर्सिंगचं शिक्षण पार पडणार होतं. शब्द ओठांवर आलाच होता, तेवढ्यात माजघरातून खोकला आला.

तांब्या तिच्या हातून परातीत पडला. भाच्याच्या पायाशी तरी खोटं बोलू नको, असं चैनलाल आतून सांगतो आहे, असं तिला वाटलं आणि ती भ्यायली. "तुमाले नाई ना आयकू आला जी?" तिनं विचारलं. तो फक्त आपल्यालाच ऐकू यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

"आला ना," ओमेश्वर म्हणाला. "कोण खोकलून राहिला?"

रामकली ओल्या हातानं उठली आणि माजघरात गेली. रविता ढोलीत डोकं घालून वाकली होती, तिची पाठ हलत होती. आईची चाहूल लागताच तिनं तोंड पुसलं आणि ओढणीचं टोक मुठीत दडवलं.

"काही नाई माय. बाबावानी इथंच खोकलते मी. ओमेश्वरभाऊ जाईपर्यंत भायेर आवाज नाई येऊ देत."

इतके दिवस जिवंत पोरीचा खोकला ती मेलेल्याचा समजत होती. तिनं ती मूठ उघडली. ओढणीवर रक्त होतं.

पोरीला दंडाला धरून तिनं अंगणात, जेवणाऱ्या पंगतीसमोर आणलं आणि ओमेश्वरच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं.

"मामाले कापणीपासून खोकला होता. मी खोटं बोलली जी," ती म्हणाली. "आता इले आजच दवाखान्यात न्या. तिथं सारं सांगजा."