तोंडी सल्ला बंद

माणसाच्या पोटात काय जावं, हे ज्याचं पोट त्यानंच ठरवावं. हे वचन ज्यानं लिहिलं त्याला नणंद नसावी.

गिरणीवालीला होती. शिवाय गावचे निवृत्त मास्तर होते, मोबाईलवाला दीर होता, आणि पिठाची गिरणी असल्यामुळं दळणाचे डबे घेऊन रोज अर्धं गाव दारात होतं. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता; केमोची दोन औषधं शिरेतून जाऊन झाली होती, चार राहिली होती. केस गेले तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं, पीठ झाडायचा ताप वाचला." पण सल्ल्यांपुढं तिचं काही चालेना.

नणंद म्हणाली, दूध बंद, गाठ दुधावर पोसते. मास्तर म्हणाले, गोड बंद, गाठ साखरेवर पोसते. दिरानं मोबाईलात बघून अंडी, डाळी आणि मीठ एका दमात उडवलं. एक शेजारीण म्हणाली फक्त कच्चं खा, दुसरी म्हणाली कच्च्याकडं बघूही नको. सगळ्यांचा मान राखायचा तर उरत होतं कोमट पाणी. ते जेवणाआधी की नंतर, यावर वाद होताच.

तीन आठवडे तिनं मान राखला. तिसऱ्या औषधाला गेली, तर दवाखान्याच्या काट्यावर एक्केचाळीस भरली.

"पाच किलो उतरलं," डॉक्टर म्हणाले. "आज औषध देत नाही. दहा दिवसांनी या. आणखी उतरलं तर तेव्हाही मिळणार नाही. खाता काय तुम्ही?"

नणंदेनं अभिमानानं यादी सांगितली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि पहिल्या दिवशी दिलेला कागद पुन्हा दिला. आधीचा घरी फळीवर डब्याखाली अंथरला होता. थोडं थोडं, पण सारखं खा. ताजं, नीट शिजवलेलं. अंडी, दूध, डाळी, घशाखाली उतरेल ते. इतकं सोपं होतं, म्हणून कुणाचा विश्वास बसला नव्हता.

दुसरा दिवस. मळणीचा हंगाम, बाहेर रखरखीत ऊन, उंबऱ्यात शेतातून आलेल्या पायांची काळी माती. गिरणीत उभं राहायला जागा नव्हती. गिरणीवालीनं नवऱ्याला खूण केली. मोटर थांबली. एवढी शांतता त्या खोलीनं बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

"आपल्या गिरणीत तोंडचं वजन चालत नाही," ती म्हणाली. "डबा दहा किलोचा म्हणालात तरी काट्यावर ठेवायचा. आजपासून सल्ल्यालाही तोच नियम. तोंडी सल्ला बंद. ज्याला द्यायचाय त्यानं शिजवून आणा. या कागदात बसलं तर मी खाईन, आणि आठव्या दिवशी तुमच्यादेखत काट्यावर उभी राहीन."

"अगं पण दूध..." नणंद म्हणाली.

"तुम्ही पिता ना, वन्सं?"

"पिते. पण मला कुठं काय झालंय?"

"म्हणजे धडधाकट माणसानं प्यायचं आणि झिजतंय त्यानं उपाशी मरायचं? झकास!"

मास्तर खाकरले. "हे बघ, साखर मिळाली की गाठ वाढते, हे साधं..."

"मास्तर, शेतात तण माजलं म्हणून पिकाचं पाणी तोडलंत का कधी?"

मास्तरांनी डबा उचलला. दळण व्हायचं होतं, म्हणून परत ठेवला.

सल्ले निम्म्यावर आले. जीभ उचलून टाळ्याला लावायला काही लागत नाही. चूल पेटवायची म्हटलं की माणूस विचार करतो. तरी मास्तरांच्या घरून मऊ भात आणि डाळ आली. दिरानं केळी आणली. नणंद दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी उकडलेली अंडी घेऊन आली, सोलून.

औषधामुळं प्रत्येक घासाला लोखंडाची चव होती. गिरणीचा पट्टा फिरायचा, गिरणीवाली चावायची. कधी सगळं उलटून पडायचं. मग तोंड धुऊन ती पुन्हा ताटाशी बसायची आणि घासालाच दम भरायची, "तू उतरतोस का मी उतरू?"

आठव्या दिवशी काटा एक्केचाळीस किलो सातशेवर थांबला. गिरणीत टाळ्या पडल्या आणि लगेच भांडण पेटलं. नणंद म्हणाली, अंड्यांनी. मास्तर म्हणाले, भातानं, आणि तोही आमच्या तांदळाचा. दीर केळी सोडायला तयार नव्हता. सातशे ग्रॅमला तीन दावेदार झाले.

निकाल लावून घ्यायला तिघंही तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. तिथला काटाही तेच बोलला. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. सुई टोचली, तिसरं औषध थेंबथेंब सुरू झालं. गिरणीवालीनं डोळे मिटून मान मागं टेकवली.

नणंदेनं डॉक्टरांना दारातच अडवलं. "आता खरं खरं सांगा. वजन कशानं वाढलं?"

मास्तरांनी कान पुढं केला.

"खाल्ल्यानं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडं गेले.