किल्ल्या माझ्या पोटात

मी एक जुनी सुटकेस आहे. आणि मित्रांनो, स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण या घरात माझ्याइतका प्रवास कोणी केलेला नाही.

कारखान्यातून दुकानात. दुकानातून या घरात. या घराच्या दारातून कपाटाच्या डोक्यावर. संपला प्रवास.

जन्म मात्र माझा थाटात झाला होता. कडक पुठ्ठ्याचं अंग, वर चॉकलेटी रेक्झिन, चारी कोपऱ्यांना चकचकीत पत्रा, आत फुलाफुलांचं अस्तर. कारखान्यात हँडल बसवणारा एक म्हातारा कारागीर होता. प्रत्येक सुटकेसला शेवटी पाठीवर थोपटायचा आणि म्हणायचा, "जा बाई, हिंडून ये." मला वाटलं, मोठी माणसं खोटं कशाला बोलतील?

मग एका मामानं मला आपल्या भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिली. ती भाची म्हणजे आमच्या वहिनी. नवरा शिंपी. त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तर कोट शिवतात आणि वहिनी त्या कोटांची काजं-बटणं करतात. पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मास्तरांनी माझ्यावर बसून पाहिलं आणि म्हणाले, "मजबूत आहे हं!" हे कौतुक मला फार महागात पडलं. कारण त्यानंतर लोक माझ्यावर बसायलाच लागले.

कपाटावरची जाळी झाडायची, चढा सुटकेसवर. पाहुणा जास्त आला, बसवा सुटकेसवर. बाकीचे दिवस पोटात जुन्या रजया भरून मी कपाटावर पडून. रजई पोटात असली की कसं वाटतं, ते ज्यानं दुपारी भरपेट जेवून गळ्यापर्यंत बटणं लावली असतील त्यालाच कळेल. समोर एक खिडकी होती. तिच्यातून शेजारच्या घराची भिंत दिसायची. एवढंच माझं जग. भिंतीला एकदा रंग दिला, ते वर्ष मला अजून आठवतं.

आणि मग एका दुपारी तयार कोट न्यायला येणारा टेंपोवाला दारातून ओरडला, "वहिनी, चहा पाजा! तुमचा करडा कोट मोठ्या दुकानाच्या काचेत लागलाय! पुतळ्याच्या अंगावर, अगदी रस्त्याकडच्या बाजूला!"

वहिनींच्या हातातली सुई थांबली. इतकी वर्षं कोट शहरात जात होते, पण ते तिथं कोण घालतं, कुठं लटकतात, काही पत्ता नव्हता. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं.

"किती दिवस असेल हो काचेत?"

"सोमवारी माल बदलतात. मग गेला आत."

टेंपोवाला गेला. वहिनींनी दोन बटणं लावली, तिसरं उलटं लावलं, उसवलं, आणि मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "अहो, मला तो कोट बघायचाय. मी शहर कधी बघितलेलं नाही. एक रात्र राहू आणि परत येऊ."

मास्तर नाही म्हणणार होते. पण त्यांच्या आईनं, म्हणजे सासूबाईंनी, चष्म्यावरून नुसतं पाहिलं. मास्तर म्हणाले, "जाऊ की. मी कुठं नाही म्हणतोय?"

मित्रांनो, त्या दिवशी मी कपाटावरून खाली आले. रजया बाहेर गेल्या. ओल्या फडक्यानं मला पुसलं. माझ्या कानात तो म्हातारा कारागीर बोलला, जा बाई, हिंडून ये.

पण मध्ये भाऊजी होते.

भाऊजी म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ. ते एकदा शहरात गेले होते. सकाळी उतरले, संध्याकाळच्या बसनं परत आले, आणि मधल्या वेळात त्यांना बस स्टँडमधून बाहेर पडायचा रस्ता सापडला नव्हता. तरी शहर या विषयावर घरात शेवटचा शब्द त्यांचाच.

"वहिनी, शहर म्हणजे खेळ नाही," भाऊजी म्हणाले. "तयारी पाहिजे. तालीम पाहिजे. मी येतो सोबत."

आणि शुक्रवारी दुपारी घरात शहराची तालीम सुरू झाली. आधी रस्ता ओलांडायचा. भाऊजी स्वतः ट्रक झाले आणि तोंडानं हॉर्न वाजवत खोलीत पळायला लागले. मास्तरांनी मला हातात घेऊन पलंगापासून मोरीपर्यंत जायचं होतं. ते दोनदा ट्रकखाली आले. मग सरकता जिना. भाऊजींनी जमिनीवर सतरंजी अंथरली, तिच्यावर मास्तरांना उभं केलं आणि म्हणाले, "घाबरायचं नाही, समोर बघायचं." मग सतरंजी ओढली. मास्तर समोर बघत मागे पडले. ते माझ्यावर पडले म्हणून वाचले. मला कोणी विचारलं नाही.

"आता सगळ्यात महत्त्वाचं," भाऊजी म्हणाले. "चोर. हातात काही धरायचं नाही, हातातलं ओढतात. खिशात काही ठेवायचं नाही, खिसा कापतात. तिकिटं, पैसे, पर्स, चांगले कपडे, सगळं सुटकेसमध्ये."

"आणि सुटकेसच नेली तर?" सासूबाईंनी विचारलं.

भाऊजी याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून एक लोखंडी साखळी काढली. तिच्यानं म्हैस सहज बांधता आली असती. सोबत एक नवं कुलूप, नुसतं दाबलं की खट्कन लागणारं, आणि त्याच्या दोन किल्ल्या; एक मास्तरांना दिली, एक वहिनींना, आणि तालमीसाठी सगळं सामान खरोखरच माझ्यात भरलं.

"लॉजवर गेलं की सुटकेस अशी बांधायची." त्यांनी साखळी माझ्या पोटावरून दोनदा फिरवली. इतकी आवळली, की माझं झाकण सोडा, माझा श्वाससुद्धा उघडेना. मग साखळीचं टोक त्यांनी शिलाई मशीनच्या लोखंडी पायातून काढलं. तालमीत मशीन म्हणजे लॉजचा पलंग होता. कुलूप घातलं. खट्.

"घ्या. आता चोर आला तर पलंग उचलून नेईल का?"

सगळ्यांनी मान हलवली. मास्तरांनी टाळी पण वाजवली.

"आता सकाळ झाली. लॉज सोडायची. दादा, किल्ली काढ."

"कोटात आहे," मास्तर म्हणाले.

"मग कोट आण."

मास्तर हळूच म्हणाले, "तूच म्हणालास ना, खिशात ठेवू नका, सगळं सुटकेसमध्ये. मी कोटच सुटकेसमध्ये ठेवला."

"हरकत नाही. म्हणूनच तर दोन किल्ल्या असतात. वहिनी, तुमची?"

"पर्समध्ये."

"आणि पर्स?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, तुझ्या डोक्यालाही एक कुलूप लाव. आत काही ठेवलेलं नाहीच, किल्ली लागायची नाही."

भाऊजींनी साखळी ओढली. मशीन हललं. मास्तर ओरडले, "मशीनला हात लावू नकोस!" भाऊजींनी कापड कापायची मोठी कात्री घेऊन साखळी कापून पाहिली. साखळीला ओरखडा नाही आला. कात्रीचं मात्र टोक गेलं, आणि मास्तर स्वतःचं बोट कापल्यासारखे खाली बसले. मग भाऊजी धावत कुलूपवाल्याकडे गेले. गावात कुलुपं उघडणारा तो एकच. त्याच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्यानं सांगितलं, "दोन दिवस नाहीये तो. शहर बघायला गेलाय."

शेवटी भाऊजींनी हातोडी आणली. माझ्यावर उगारली.

मित्रांनो, आयुष्यभर बंद राहिलेल्याला उघडायचं हे एक साधन फार लवकर सुचतं लोकांना.

"खबरदार!" वहिनी मध्ये आल्या. "माझ्या मामानं दिलेली आहे ती. हातोडी लागली तर तुमच्या पाठीची शिवण उसवेन, आणि परत घालणार नाही."

हातोडी खाली आली.

शनिवार उजाडला. बसची वेळ होत आली. तिकिटं माझ्या पोटात. मास्तर म्हणाले, "मशीन असं बांधलेलं टाकून मी कसा येऊ? कोणी साखळी ओढली तर पाय तुटेल त्याचा." भाऊजी म्हणाले, "माझी पँट आत आहे. मी काय पायजम्यात शहरात जाऊ? लोक काय म्हणतील?" दोघांचं एकमत झालं. "पुढच्या महिन्यात जाऊ."

"पुढच्या महिन्यात कोट काचेत नसेल," वहिनी म्हणाल्या.

मी सगळं ऐकत होते. माझ्याच पोटात त्यांचं जाणं बंद करून ठेवलं होतं आणि मला साधं झाकण उचकटता येत नव्हतं. इतकी लाज मला रजया भरल्या तेव्हाही वाटली नव्हती.

सासूबाई उठल्या, फळीवरचा बटणांचा डबा काढला, तळातले साठवलेले पैसे वहिनींच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "जा."

"एकट्या?" भाऊजी किंचाळले. "हरवतील! तालीम अर्धी राहिलीये!"

"विचारत विचारत जाईन," वहिनी म्हणाल्या. "तोंड आहे ना मला. ते काही सुटकेसमध्ये नाही ठेवलं." आणि घरातल्याच कपड्यात, हातात एक कापडी पिशवी घेऊन त्या गेल्या.

दोन दिवस मी मशीनच्या पायाशी साखळीत पडून होते. मास्तर मला ओलांडून जायचे. भाऊजी पायजम्यात फिरत सांगायचे, आत्ता वहिनी कुठं हरवल्या असतील. दर तासाला ते त्यांना नव्या ठिकाणी हरवायचे.

रविवारी संध्याकाळी वहिनी आल्या. सोबत कुलूपवाला. दोघं एकाच बसनं परतले होते. त्यानं आपली हत्यारांची पिशवी उघडली, एक वाकडी तार काढली, आणि तो तार फिरवत असताना वहिनी सांगायला लागल्या.

"दुकान सापडलं. कोट काचेत होता. करडा. पण बटणं लावलेली, काजं झाकलेली. मग माझाच कशावरून? मी प्रत्येक शेवटच्या काजाला कोपऱ्यात एक टाका तिरका घालते, तो बघायचा होता. आतल्या माणसाला म्हटलं, जरा एक बटण काढून दाखवा. तो म्हणाला, पुतळ्याला हात लावत नाही आम्ही. मग तो गिऱ्हाइकाकडे वळला, आणि मी काचेच्या खोलीत शिरले."

"अगं!" मास्तर म्हणाले.

"बटण काढलं. तिरका टाका होता. माझाच कोट. आणि मागे खट्कन आवाज झाला. त्या खोलीचं दार बाहेरूनच उघडतं."

"मग?"

"मग काय. एका बाजूला पुतळा, एका बाजूला मी. ज्याच्याकडे त्या दाराची किल्ली, तो जेवायला गेला होता. बाहेर ही गर्दी जमली. एका पोरीनं नाक काचेला लावून विचारलं, आई, ही बाई पण विकायला आहे? मी शहर बघायला गेले होते, आणि शहरच मला बघून गेलं."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. मास्तर मात्र वहिनींच्या बोटांकडे बघत होते. बहुतेक त्यांनी ती कधी नीट बघितली नसावीत.

तेवढ्यात कुलूप उघडलं. साखळी सैल झाली. वहिनींनी माझं झाकण उचललं, कोटातून आणि पर्समधून दोन्ही किल्ल्या काढल्या आणि सापडायला सोप्या म्हणून माझ्या अस्तराच्या खिशात नीट ठेवल्या. मग माझ्या पत्र्याच्या कोपऱ्यावरून हात फिरवत अगदी हळू म्हणाल्या, "आत अडकलं की कसं वाटतं, कळलं बरं का मला. पुढच्या वेळी तू आणि मी. हे बाकीचे आले तर आले."

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर कोणीतरी असेल. त्याच्यावर चढून जाळी झाडा, माझी ना नाही. पण कधीतरी त्याला खाली काढा. पुसा, आणि हिंडवून आणा. जवळच न्या, पण न्या. आणि निघताना एवढं बघा, की तयारी तुमच्यासाठी चाललीये की तुम्ही तयारीसाठी. एवढीच माझी विनंती आहे. यापलीकडे मला काही नको.

चहा आला. कुलूपवाल्यानं कपाला जागा करायला आपली हत्यारांची पिशवी उचलून माझ्यात ठेवली आणि विचारलं, "पण दोन्ही किल्ल्या आत राहिल्याच कशा?"

"अहो, सोपं आहे," भाऊजी पुढे झाले. "हे झाकण असं लावलं. ही साखळी अशी फिरवली. आणि हे कुलूप असं."

खट्.

हत्यारं आत होती. कुलूपवाल्याच्या घराची किल्लीही त्याच पिशवीत होती. त्या रात्री तो आमच्याकडेच झोपला, उशाला मला घेऊन.