जानरावांची समुद्रपाहणी

पंचायत समित्या नुकत्याच निघाल्या होत्या. नव्या सभासदांना काहीतरी दाखवायचं म्हणून अभ्यासदौरा ठरला, तोही थेट हर्णैला, मासेमारी बघायला. दौऱ्याचे प्रमुख वऱ्हाडातल्या वडनेर भोलजीचे जानराव. गळ्यात माळ, आणि पूर्णेच्या पुरापेक्षा मोठं पाणी त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

समुद्र दिसताच बाकीच्यांनी हात जोडले. जानराव म्हणाले, "पाणी लय वाया जाऊन राह्यलं इथं."

ओहोटी होती. होड्या वाळूवर कलंडल्या होत्या, बगळे चिखल टोचत होते आणि दूरच्या काळ्या खडकापर्यंत वाट उघडी पडली होती. जानराव धोतर आवरून निघाले. मासळी वाळवणाऱ्या कोळणीनं हाक मारली, "ओ दादा, भरती येल आता. मागं फिरा!"

"म्या पुरातून बैल काढले हायेत. ही मले शिकवते!" जानराव सोबतच्या मोतीरामला म्हणाले. मोतीराम मात्र काठावरच थांबला.

खडकावर उभं राहून जानरावांनी चारी दिशा न्याहाळल्या. वळून बघतात तो वाटच नाही! पाणी खडकावर चढलं, घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. आधी ते रुबाबात ओरडले, "कोनी हाये काय तिकडं?" मग, "मोतीराम बे!" आणि शेवटी नुसतंच, "माय वो!"

त्याच कोळणीनं सासऱ्याला घेऊन होडी काढली. "बसा टोपलीवर, दुसरी जागा नाय." मासळीला कधी न शिवलेले माळकरी जानराव टोपलीभर बांगडा मासळीवर बसले.

वल्हं मारता मारता तिनं विचारलं, "दादा, तुमच्याकडं पाणी सांगून येतं का?"

परतीच्या यष्टीत त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही.

गावी आल्यावर सभा भरली. "खवळलेल्या समुद्रात उतरून म्या पाहणी केली," असं जानराव तासभर सांगत होते. पहिल्या रांगेतला मोतीराम सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत होता.

घरी त्यांची बायको झुंबरबाई तिसऱ्यांदा धोतर धूत होती. "मोतीरामच्या बायकोनं सांगतलं मले सारं," ती म्हणाली.

जानराव चपापले. "मंग मोतीराम सभेत काऊन नाही बोलला?"

"बोलला असता तं पुढच्या दौऱ्याले त्याले कोनं नेलं असतं?"

जानरावांना हायसं वाटलं. महिन्याभरात मत्स्यविकास उपसमिती निघाली. अध्यक्ष जानराव, चिटणीस मोतीराम, दोघंही बिनविरोध. पहिल्याच बैठकीत समुद्राची फेरपाहणी एकमतानं मंजूर झाली.