मागच्या स्प्रिंगा

डावीकडच्या सीटवर बटाट्याची दोन पोती एकावर एक रचून विल्फने त्यांना पट्टा बांधला आणि मला म्हणाला, "रोलंड, ही आमची एनिड. टोपी तरी काढ."

"आज फारच गप्प आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर हिला बसवलंय."

उजवीकडे, चालवणाऱ्याच्या जागी, तो स्वतः बसला. मी गुडघे टेकले आणि मागच्या बाजूला सांगाड्यापासून जमिनीपर्यंत पट्टी धरली. उंची त्याने काढलेल्या हिशोबाशी तंतोतंत जुळली. विल्फ सेटचेलचा हिशोब चुकत नसे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याने जन्म काढला होता. बीट घेऊन येणारे शेतकरी त्याला शिव्या घालायचे, पण त्याचा काटा खोटा आहे असं कोणी कधी म्हटलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याने गॅरेजात ही बिनछपराची दोन माणसांची कार बांधायला घेतली. आम्ही सगळ्या शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. त्याच्या बायकोने, एनिडने, नाही काढलं. उघड्या कारमधून हन्स्टंटनला समुद्रावर जायचं, हे तिने लग्नाआधीच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

आता प्रश्न उरला होता तो मागच्या स्प्रिंगांचा. चॅटरिसकडचे आमचे रस्ते काळ्या मातीवर टाकलेले आहेत. माती दरवर्षी खचते आणि डांबराला लाटा येतात. रस्त्याला लागून कालवा, काठोकाठ काळं पाणी, कठडा नाही. स्प्रिंगा वजनाच्या मानाने कडक झाल्या तर हलकी कार लाटेवर उडते आणि मागची बाजू पाण्याकडे सरकते. फार मऊ झाल्या तर मागून आपटते. मागच्या हिवाळ्यात एक व्हॅन अशीच आत गेली आणि दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. त्या दिवशीही वारा कालव्यावरूनच येत होता. मला त्या वाऱ्याचा आवाज आवडत नाही, कधीच आवडला नाही.

पोती साडेनऊ स्टोनची, म्हणजे साठ किलोची होती. वजन एनिडनेच सांगितलं होतं. "लग्नापासून तेच आहे, विचारतोस काय," असं ती स्वयंपाकघरातून ओरडली होती, आणि बायकोला पुन्हा विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

ती चहा घेऊन आली. अंगात विल्फचा जाड कोट होता.

"आलीस ते बरं झालं. बस जरा," विल्फ म्हणाला.

"नंतर बसते."

"पोती बसली, तुला काय झालं?"

पोती उतरवली, ती बसली. मी पट्टी धरली. मागची डावी बाजू अर्ध्या बोटाने उंच होती.

"नीट बस की गं."

"नीटच बसलेय."

"कोपर बाहेर टेकू नकोस."

तिने दोन्ही हात मांडीवर घेतले. पट्टी तेच सांगत होती. स्प्रिंग अडकली असेल म्हणून विल्फने मागची बाजू दाबून हलवली. पुन्हा पोती चढवली, उंची बरोबर आली. पुन्हा एनिड बसली, पुन्हा अर्धं बोट वर. कोटाच्या बाहीतून तिचं घड्याळ मनगट सोडून पार तळहातावर घसरलं होतं. मी पाहिलं आणि मी पाहिल्याचं तिने पाहिलं. मला भीती वाटली. घरातली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत म्हणतात ते खरं आहे. सबंध उन्हाळा विल्फ या सांगाड्यातच डोकं घालून होता.

"स्प्रिंगवाल्याने भलत्याच पाठवल्या असतील," मी म्हणालो.

विल्फने तिला उतरवून माझ्या स्टुलावर बसवलं, पोती पुन्हा सीटवर ठेवली आणि वरच्याचं तोंड सोडलं. मग तो एकेक बटाटा काढून जमिनीवर ठेवू लागला. मी पट्टी धरून होतो. कार हळूहळू वर येत होती. अर्धं बोट भरलं तेव्हा मी "बस" म्हणालो. जमिनीवर चांगला मोठा ढीग झाला होता. त्या ढिगाकडे विल्फ बराच वेळ बघत राहिला. त्याला तो तोलायची गरज नव्हती.

"कधीपासून?"

"जूनपासून," एनिड म्हणाली.

"डॉक्टर?"

"दोनदा जाऊन आले. आता औषधाने काही व्हायचं नाही म्हणतात. तुझं काम अडलं असतं, म्हणून बोलले नाही."

विल्फने फडक्याने हात पुसले. पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"या स्प्रिंगा राहू देत," तो म्हणाला. "खाशील, पिशील. वजन भरून येईल."

"आणि तोवर?"

"तोवर थांबू."

"मी नाही थांबणार, विल्फ. या स्प्रिंगांवर माझी हाडं खिळखिळी होतील, नाहीतर दोघंही कालव्यात जाऊ. मी आहे एवढ्या वजनाच्या मागव."

भिंतीवरचा फोन घेऊन त्याने स्प्रिंगवाल्याला लावला. विल्फला कमी ऐकू येतं, त्यामुळे पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता आणि सगळं आम्हाला कळत होतं. विल्फने कारचं वजन सांगितलं, आपलं सांगितलं, मग एनिडचं. ढीग वजा करून, अचूक.

"एवढ्या मऊ नका घेऊ साहेब," तो माणूस म्हणाला. "बाईंचं वजन थोडं जरी वाढलं ना, तर मागून आपटेल. मधल्या घ्या. कशालाही चालतील."

विल्फने एनिडकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

"मऊच पाठवा," तो म्हणाला.

त्याने पत्ता सांगितला, आडनावाची अक्षरं एकेक करून सांगितली, त्या माणसाचे आभार मानले आणि फोन ठेवला. मग येऊन त्याने एनिडला स्टुलावरून उठायला हात दिला. उठताना तिचा तोल गेला, तेव्हा त्याने तिला उचलूनच घेतलं आणि घराकडे निघाला. सत्तरीचा माणूस तो, पण वाटेत त्याला कुठे थांबावं लागलं नाही.