उजव्या बाजूचा पोचा

भाग्यलक्ष्मीला हिमायतनगरातल्या एका कंप्युटर कंपनीत नोकरी लागली, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो जाण्यायेण्याचा. मलकपेठेहून बस बदलत जायचं, परतायला अंधार व्हायचा. नंबर लावून वर्षानुवर्षं गाडीची वाट बघायचे दिवस सरले होते, दुकानात नव्या गाड्या उभ्याच असायच्या. पण तिचे वडील हिम्मतराव कामाला होते त्या कारखान्याला टाळं लागलं होतं. घरात होती ती तिच्या भावाची, युवराजची स्कूटर, अंगणात ताडपत्रीखाली. दोन वर्षांपूर्वी नामपल्ली स्टेशनासमोर ती डावीकडे घसरली आणि मागून आलेल्या लॉरीखाली युवराज गेला. स्कूटरच्या डाव्या अंगाला नुसते ओरखडे आले होते.

"चालवीन मी, अप्पा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "पण दादाच्या त्या निळ्या रंगात नक्को."

परक्या माणसाने ती खरवडावी हे हिम्मतरावांना सोसलं नसतं. रविवारी ते स्वतःच बसले. ब्रशने रिमूव्हर लावलं की निळा रंग सुरकुतायचा, फुगे धरायचा. मग पत्रीने, पातळ पोलादी पट्टीने, ओढला की सालपटासारखा सुटायचा. हात चरचरत होते. भाग्यलक्ष्मीची आई चतुराबाई सकाळपासून स्वयंपाकघराबाहेर आल्या नव्हत्या.

डावी बाजू निघाली. उजवीकडच्या फुगीर पत्र्यावर मात्र पत्री अडली. रंगाखाली लोखंड नव्हतं, खड्डे बुजवायची लांबी होती. जाड, ओबडधोबड भरलेली. त्यांनी टोकरली तसं एक ढेकूळ सुटलं आणि तळहात मावेल एवढा पोचा उघडा पडला.

उजवीकडे तर ती कधी पडलीच नव्हती.

"भाग्या, हे काय आहे?"

ती चहा घेऊन आली होती. कप पायरीवर ठेवून ती तिथेच बसली.

"दादा आधीही एकदा पडला होता. चादरघाटच्या पुलावर. तुम्ही ड्यूटीवर होता तेव्हा आम्ही दोघांनी लांबी भरली. रंग मी मारला."

"मला का नाही सांगितलं?"

"दादा बोल्ला, अप्पाला नक्को सांगू. चावी काढून घेतील."

गाडी हाती देताना हिम्मतरावांनीच बजावलं होतं, एकदा जरी पडलास तर चावी माझ्या खिशात. तेव्हा सगळं घर गप्प झालं होतं, आणि त्यांना ते बरं वाटलं होतं.

"घेतलीच असती," ते म्हणाले.

"मला माहीत आहे." भाग्यलक्ष्मीने डोळे पुसले नाहीत. "रोज तेच मनात येतं, अप्पा."

तिच्यावर ओरडावं असं त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच थिजलं. पोरांनी तोंड मिटलं होतं ते त्यांच्याच धाकाने.

"काय झालं हो?" आतून चतुराबाईंनी विचारलं.

"काही नाही," हिम्मतराव म्हणाले. "पत्रा गंजलाय थोडा."

मग त्यांनी पोचा आतून ठोकून जमेल तेवढा वर काढला, नवी लांबी भरली, ती वाळल्यावर पाणी लावून पॉलिश पेपरने घासली. भाग्यलक्ष्मी पाणी ओतत राहिली. उन्हं उतरेपर्यंत सगळ्या गाडीला प्राइमरचा हात बसला. तांबडी, मंद, कुणाचीच नसल्यासारखी ती उभी होती.

"तू पडलीस तर मला सांगशील?" त्यांनी विचारलं.

"रागवाल?"

"रागवेन," ते म्हणाले. "तरी सांग."

भाग्यलक्ष्मीने त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि ती तो थिनरमध्ये धुवायला बसली.