आपोआप जाणारं उत्तर

सप्टेंबर संपत आला की आमच्याकडे दोनच विषय असतात. साखरेच्या बीटची काढणी कधी लागणार, आणि सरकार बंद पडणार का. त्या वर्षी काढणी वेळेवर लागली. वॉशिंग्टनमध्ये मात्र खर्चाचं बिल अडकलं, म्हणजे ते मंजूर होईपर्यंत सरकारी कचेऱ्या बंद, आणि ग्रँड फोर्क्सच्या आमच्या कचेरीच्या प्रमुख व्हर्ना टोलेफसन यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं.

आमचं काम नदीचं पाणी मोजण्याचं. रेड रिव्हर किती चढली, किती वेगानं वाहतेय, हे शेतकऱ्यांपासून पूल बांधणाऱ्यांपर्यंत सगळे आम्हाला विचारतात. सत्त्याण्णवच्या पुरात व्हर्नाबाईंचं स्वतःचं घर पाण्याखाली होतं आणि त्या पुलावर उभ्या राहून मोजमाप घेत होत्या, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या मात्र कधी त्याबद्दल बोलत नाहीत. नियमाला इतक्या पक्क्या की सरकारी गाडी कॉफीसाठी वाटेत थांबवली तरी त्यांना ते खपायचं नाही.

बंदची तयारी त्यांनी नेहमीसारखीच शांतपणे समजावली. गाड्या आवारात लावायच्या, फ्रिज रिकामा करायचा, सरकारी फोन आणि लॅपटॉप कपाटात. पुरावर नजर ठेवायला दोघे कामावर राहतील, बाकीच्यांनी बिनपगारी घरी बसायचं. आणि घरी बसायचं म्हणजे बसायचं. राहवत नाही म्हणून कुणी फुकट जाऊन नदी मोजली, तरी तो कायद्यानं गुन्हा. मी मान डोलावत होतो, पण डोकं घरी होतं. माझी बायको रेने विमानतळावर प्रवाशांची तपासणी करते. तीही सरकारी नोकरी, पण अत्यावश्यक म्हणून तिला सुट्टी नव्हती. म्हणजे आमच्या घरात एकाला काम नाही आणि दुसरीला काम आहे पण पगार नाही.

मग व्हर्नाबाईंनी शेवटचा कागद उचलला.

वरून हुकूम आला होता. आम्ही घरी असताना आम्हाला जो ई-मेल करील त्याला आपोआप एक उत्तर जातं. त्यात काय लिहायचं ते या वेळी वरूनच ठरलं होतं. संसदेतल्या एका पक्षाचं नाव घेऊन, त्यांच्या हट्टापायी मी आज तुमच्या सेवेला हजर नाही, असा मजकूर. खाली आमचं नाव आणि हुद्दा. व्हर्नाबाईंनी तो वाचून दाखवला, कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे मी तुम्हाला लावायला सांगणार नाही."

सरकारी खुर्चीत बसून पक्षाचा प्रचार करायचा नाही, हे आम्हाला दरवर्षी प्रशिक्षणात घोकून घेतलं जायचं. तरीही सगळ्यांच्या नजरा मायलोकडे गेल्या. मायलो ह्रुस्का आमच्यातला सगळ्यात जुना माणूस, आणि त्या पक्षाचं नाव निघालं की त्याचा चेहरा लाल व्हायचा. जेवणाच्या सुट्टीत तो त्यांना रोज शिव्या घालायचा. तो लावणार, असंच मला वाटलं.

"मला यातला शब्द न् शब्द पटतो," मायलो म्हणाला. "तसूभरही खोटं नाही त्यात. पण तो मी लिहिलेला नाही. मला ज्याला शिव्या द्यायच्यात त्याला माझ्या तोंडानं देईन. माझं तोंड मी कुणाला भाड्यानं दिलेलं नाही."

व्हर्नाबाई हसल्या. कचेरीत हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलेलं नाही.

दुपारी प्रादेशिक कचेरीतले व्हिटकॉम्ब साहेब संगणकाच्या पडद्यावर बोलायला आले. मी हजेरीचे कागद घेऊन तिथेच होतो, म्हणून ऐकलं. सगळ्यांनी मजकूर लावला का, त्यांनी विचारलं. नाही, त्या म्हणाल्या. ते आवाज न चढवता बोलत राहिले. हा वरचा निर्णय आहे, तुमची इतक्या वर्षांची नोकरी आहे, निवृत्ती जवळ आली आहे, उगाच आडमुठेपणा कशाला. शेवटी म्हणाले, "व्हर्ना, तुम्हाला घरी बसवावं लागेल असं काही करू नका."

"घरी तर तुम्ही मला उद्या बसवताच आहात," त्या म्हणाल्या. "दुसरं काही असेल तर सांगा."

आम्ही आपापलं साधं उत्तर लावलं: सरकारी कामकाज बंद असल्यामुळे मी कचेरीत नाही, कामकाज सुरू झाल्यावर संपर्क साधीन. कपाटाला कुलूप लावून घरी गेलो.

त्यानंतर एका सकाळी माझ्या मेहुण्याचा फोन आला. त्याचं शेत नदीकाठी आहे. पाण्याची पातळी विचारायला त्यानं सवयीनं माझ्या कचेरीच्या पत्त्यावर ई-मेल केला होता. "डॅरेल, हे काय लिहिलंयस?" त्यानं विचारलं आणि वाचून दाखवलं. तोच मजकूर, खाली डॅरेल बेलगार्ड, माझा हुद्दा. आमचं उत्तर मुख्यालयातून परस्पर बदललं होतं. लॅपटॉप उघडून ते पुसायचं तर लॅपटॉप कपाटात, आणि कपाट उघडणं हाच गुन्हा. म्हणजे माझ्या नावानं ते रोज बोलणार आणि मी ऐकत बसायचं.

मी व्हर्नाबाईंना फोन केला. मायलोचा आधीच येऊन गेला होता. त्या म्हणाल्या, "कचेरीच्या वस्तूला हात लावायचा नाही. पण आपलं तोंड कचेरीची वस्तू नाही."

आमच्याकडे सकाळी रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागतो. बीटचा भाव, हवामान, आणि मग लोकांचे फोन. गावातला प्रत्येक ट्रॅक्टर तो ऐकत असतो. दुसऱ्या दिवशी पहिला फोन मायलोचा. आपलं नाव, गाव सांगून तो म्हणाला की घरी बसलेला नागरिक म्हणून बोलतोय. त्या पक्षाबद्दल त्याचं मत काय आहे, तेही त्यानं सविस्तर सांगितलं. मग म्हणाला, "पण माझ्या नावाखाली जे पत्र तुम्हाला येतंय ते माझं नाही. मी परवानगी दिलेली नाही. ज्यानं लिहिलंय त्यानं स्वतःचं नाव खाली लिहावं."

त्याच्यानंतर मी बोललो. नाव सांगितलं, आणि ते पत्र माझंही नाही म्हणालो. मग व्हर्नाबाई. त्यांनी फक्त आपलं नाव सांगितलं आणि "तेच माझंही म्हणणं" इतकंच म्हणाल्या. आमचं तिघांचं आटोपल्यावर फोन थांबतील असं वाटलं होतं. पण बाजूच्या गावातल्या दुसऱ्या खात्यातली एक बाई बोलली, मग धान्य तपासणारा एक जण, आणि कार्यक्रम संपेपर्यंत बीटचा विषय परत निघालाच नाही. संध्याकाळी रेने विमानतळावरून आली ती हसतच. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तिचं आडनाव वाचून, रेडिओवरचा बेलगार्ड तुझा कोण, असं विचारलं होतं.

त्याच आठवड्यात मजकूर निघाला. का, ते कुणी सांगितलं नाही. आमचंच साधं उत्तर परत जाऊ लागलं.

बंद संपला, आम्ही कामावर आलो, आणि व्हर्नाबाईंना नोटीस मिळाली. वरिष्ठांचा हुकूम मोडल्याबद्दल. व्हिटकॉम्ब साहेबांनी सांगितलं की चूक झाली असं दोन ओळीत लिहून द्या, विषय मिटेल. व्हर्नाबाईंनी लिहून दिलं नाही. मग बिनपगारी निलंबन झालं. मी त्यांना म्हणालो, "दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

"खाली माझं नाव आलं असतं," त्या म्हणाल्या.

निलंबनाच्या पहिल्या दिवशी त्या मुद्दाम कचेरीत आल्या. नदी गोठायला लागली होती. बर्फाखालचं मोजमाप घेताना घाई करू नका, असं आम्हाला बजावलं आणि माझ्या हातात किल्ल्या दिल्या. त्यांची गाडी मागच्या आवारात होती, पण त्या पुढच्या, रस्त्याकडच्या दारानं बाहेर पडल्या. टोपी नीट केली आणि भर थंडीत सगळ्या इमारतीला वळसा घालून, खिडक्यांसमोरून सावकाश चालत गाडीकडे गेल्या. मायलो खिडकीशी उभा राहिला. मग आम्ही सगळेच उभे राहिलो.