कॅप्टनचा उजवा गुडघा

"बसा ना काका, उभे का?" संघाचे मॅनेजर साहेब म्हणाले.

एकोणीस वर्षांत वरच्या मजल्यावरच्या या ऑफिसात काकांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं. बास्केटबॉल संघाचे मसाजवाले काका म्हणजे खालच्या मजल्यावरचा माणूस. तेलाचा वास, टॉवेलांचे ढीग आणि एक उंच टेबल, एवढंच त्यांचं राज्य. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. हात स्वच्छ होते, तरी पँटला पुसले.

सीझन संपला होता आणि संघ खालून दुसरा आला होता. साहेबांच्या मागे पांढरा फळा होता, त्यावर खेळाडूंच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या. तीन पट्ट्या कालच उतरल्या होत्या. त्या टेबलावर पेनांच्या डब्यात पडल्या होत्या.

"नवीन सेंटर मिळतोय," साहेब म्हणाले. "बावीस वर्षांचा, उंच, बास्केटखाली खेळायला अगदी बरोबर. पण घ्यायचा तर कॅप्टनची जागा मोकळी करावी लागेल. डॉक्टर म्हणतात, कॅप्टनचा गुडघा ठीक आहे. पण रोज हात लावता तुम्ही. तुमचं मत काय?"

तुमचं मत! चहा आला, तोही बशीसकट. काकांच्या छातीत काहीतरी फुललं.

"खरं सांगू साहेब? उजवा गुडघा म्हणजे गंजलेली बिजागरी झालीय. मी तेल घालतो म्हणून कुरकुर ऐकू येत नाही, इतकंच. आणखी एक सीझन नाही निघायचा."

साहेब हसले. "बिजागरी! वा काका." त्यांनी वहीत लिहून घेतलं, उठले आणि कॅप्टनच्या नावाची, सगळ्यात वरची पट्टी नखाने उचकटली. फळ्यावर त्या जागी एक स्वच्छ चौकोन राहिला. तो बघत काकांनी अर्धा कप तसाच बशीत ठेवला.

चार दिवसांनी दुपारी कॅप्टन कपाट रिकामं करायला आला. बुटांचे तीन जोड आणि मुलीने काढलेलं एक चित्र पिशवीत भरून तो मसाजच्या खोलीत आला आणि सवयीने टेबलावर बसला. सहा फूट आठ इंचांचा माणूस, तरी पाय लोंबकळत होते.

"काका, तुम्हाला वर बोलावलं होतं ना?"

काका टॉवेलांच्या घड्या घालत होते. "हं."

"साहेब मला म्हणाले, तुझा गुडघा गंजलेली बिजागरी झालाय." कॅप्टन थोडा हसला. "साहेबांना जन्मात बिजागरी सुचली नसती."

घडी घातलेला टॉवेल काकांनी उलगडला, पुन्हा घातला. "त्यांनी विचारलं रे. मी खोटं कसं बोलणार?"

"खोटं बोला असं कुठे म्हणतोय मी? खरंच आहे ते. जिना चढताना मलाही कळतं." तो टेबलावरून उतरला, आधी डावा पाय टेकवून. "पण मी तीन वर्षं रोज विचारायचो, काका, कसा आहे? तुम्ही म्हणायचात, होईल बरा. मला का नाही सांगितलंत?"

काकांना सांगायचं होतं की तुझा चेहरा बघून धीर झाला नाही. पण वर, बशीतला चहा समोर आल्यावर तो धीर कुठून आला, हे त्यांनाच कळत नव्हतं. कॅप्टनने पिशवी उचलली, वाकून त्यांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि गेला. वाकताना गुडघा वाजला. तेवढा आवाज खोलीत राहिला.

तो पुढेही राहिला. नवा सेंटर आला, लोण्यासारखे पाय घेऊन. पण काकांनी अंगठा ठेवला की कातडीखाली कॅप्टनचाच गुडघा हाताला लागायचा. ते दचकून हात उचलायचे. "गुदगुल्या होतात का काका तुम्हाला?" पोरगा विचारायचा. घरी सकाळी बायको म्हणायची, "रात्रभर माझं ढोपर दाबत होतात. काय पीठ मळताय?" रिकाम्या खोलीत टेबल करकरलं की काका न बघताच म्हणायचे, "आलो रे."

संघ त्या वर्षी दुसरा आला. बदल फळले. बक्षीस समारंभात साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "यात तुमचाही वाटा आहे हं!" काका हसले, हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूतच राहिले.

पुढच्या रविवारी ते कॅप्टनच्या घरी गेले. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं. दार त्याच्या आईने उघडलं. भिंतीला धरून चालणारी, उंच म्हातारी.

"तो नाही हो. दुसऱ्या गावी शाळेत खेळ शिकवतो आता. बायको-मुलीला घेऊन गेला. तुम्ही कोण?"

"मी... संघात मसाज करतो."

"अगं बाई, ते काका? या, या! किती नाव घ्यायचा तुमचं. तुमच्या हाताला गुण आहे म्हणायचा."

"मी त्याचं..." काकांनी सुरुवात केली. घोकलेलं एकही वाक्य आठवेना. "माझ्यामुळे त्याचं..."

"बसा आधी," म्हातारी म्हणाली. तिला ऐकू आलं होतं की नाही, कळलं नाही. ती पलंगावर बसली आणि जरा लाजत पाय पुढे केले. "पोस्टात पत्रं वाटायची मी. तीस वर्षं पायी. टाचा बघता का जरा?"

काका जमिनीवर बसले. भेगाळलेली, थंड टाच त्यांनी मांडीवर घेतली, अंगठ्याने चाचपली. डोळे मिटून बराच वेळ चाचपली.

"आजी, हे जाणार नाही," ते म्हणाले. "थोडं कमी होईल फक्त."

"मग तेवढं करा," म्हातारी म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले.